स्केटबोर्डच्या सव्वाआठच्या डेकखाली कुठला ट्रक? कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर

माझ्या भाचीचा, मुक्ताचा, नवा डेक (स्केटबोर्डची लाकडी फळी) आला, सव्वाआठ इंच रुंदीचा. जुन्या आठच्या डेकची टेल, म्हणजे मागचं टोक, जमिनीवर घासून घासून विळीच्या पात्यासारखी झाली होती. ऑली (टेल आपटून बोर्डसकट मारायची उडी) मारली की पॉप, म्हणजे उसळी, नाही, नुसता थप्प आवाज.

ट्रक (डेकखाली चाकं धरणारे धातूचे भाग, पुढे एक नि मागे एक) नवे घ्यायचे नाहीत असं ठरलंय. माझ्या खोक्यात चार जोड्या पडून आहेत. "त्यातली एखादी बसेलच की, मामा," असं भाचीचं म्हणणं. बसायला काय, चार बोल्ट गेले की कुठलाही ट्रक बसतो. त्या डेकला साजेल कुठला, हे शोधायचंय. गेल्या वेळी अंदाजाने लावले होते आणि सहा महिन्यांनी कुठल्या जोडीवर कसं वाटलं होतं ते दोघांनाही आठवेना. म्हणून या वेळी वही.

चौथी जोडी आजच बाद. बेसप्लेटची (ट्रकचा डेकला टेकणारा तळ) भोकं लांबीच्या दिशेने ६३.५ मिमी अंतरावर आहेत, जुन्या मापाची. आताच्या डेकवर ते अंतर ५४ असतं. आडवं अंतर दोन्हींत ४१.३, त्यामुळे पहिले दोन बोल्ट लोण्यासारखे जातात आणि उरलेले दोन भोकाच्या अलीकडेच अडतात. कोऱ्या डेकला जादा भोकं पाडावीत असा विचार दहा सेकंद आला होता, त्याची इथे नोंद करून सोडून देतो.

३ नोव्हेंबर

आज पाना हातात घेतला नाही. सगळा वेळ आकड्यांचा घोळ निस्तरण्यात गेला.

ट्रकला दोन रुंद्या असतात. एक हँगरची, म्हणजे ज्या ॲल्युमिनियमच्या ओतीव भागावर आपण ग्राइंड करतो (कठड्यावरून घासत जातो) त्याची. दुसरी ॲक्सलची, म्हणजे त्यातून आरपार गेलेल्या पोलादी दांडीची, टोकापासून टोकापर्यंत. डेकशी जुळवताना बोलतात ते ॲक्सलबद्दल. ट्रकवर कोरलेला आकडा मात्र बहुतेक वेळा ॲक्सलचा नसतोच. इंडिपेन्डन्ट कंपनी १९७८ साली निघाली तेव्हापासून हँगरचे मिलिमीटर हेच तिच्या ट्रकचं नाव. सुरुवातीला ८८ आणि १०९ होते, आज १२९, १३९, १४४, १४९ वगैरे. त्यातला १३९ म्हणजे आठ इंची ॲक्सल. दुसऱ्या कंपन्यांचे आकडे आणखी वेगळे: व्हेंचरचा ५.२ हाही आठ इंचीच. एसचा ३३ तोही आठच. थंडरचा १४५, तोसुद्धा आठ!

मुक्ताने ही यादी बघून लगेच विचारलं, "म्हणजे १४५ हा १३९ पेक्षा मोठा नाही?" नाही. तिला ते पटायला वेळ लागला आणि त्यात तिची चूक काही नाही. एकाच मापाला चार आडनावं असल्यावर माणूस गोंधळणारच.

रुळलेला नियम एवढाच: ॲक्सल आणि डेक यांच्या रुंदीत पाव इंचाहून जास्त फरक नको. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, दोन बाजूंना वाटला तर बाजूला तीन मिमीच्या जरा वर. आता गंमत अशी की आमचा डेक सव्वाआठ, आणि खोक्यात आठची एक जोडी आहे, साडेआठची (बहुधा) एक. दोन्ही बरोबर पाव इंचाने चुकतात, एक आत आणि एक बाहेर. नियमाला विचारलं तर तो म्हणतो, दोन्ही चालतील. अशा वेळी नियमाचा काय उपयोग?

५ नोव्हेंबर

व्हर्नियर काढला. तिन्ही जोड्यांची चाकं उतरवली, ॲक्सल पुसले, मोजले.

जोडी 'अ': हँगर १२९, ॲक्सल १९३. इंचात ७.६. मुक्ताच्या जुन्या बोर्डवर हेच होते. जोडी 'ब': हँगर १३९, ॲक्सल २०३, म्हणजे आठ. जोडी 'क' कुणाकडून तरी वापरलेली आलेली, ग्राइंड करून करून तिच्यावरचं नाव, आकडा सगळं गेलेलं. हँगर १४८ भरला, ॲक्सल २१५. साडेआठ इंच म्हणजे २१५.९, तेव्हा ही साडेआठचीच धरायची.

'क' मध्ये एक भलतंच निघालं. सवयीने हँगरच्या खांद्यापासून ॲक्सलच्या टोकापर्यंतही मोजत होतो. 'अ' आणि 'ब'वर दोन्ही बाजूंना ३२ येत होतं. 'क'च्या एका ट्रकवर डावीकडे ३६ आणि उजवीकडे ३१. आधी वाटलं व्हर्नियर तिरका धरला. पुन्हा मोजलं, तेच. मग चाक चढवून बघितलं: डाव्या बाजूला नटापलीकडे आट्यांचा चांगला चार मिमीचा तुकडा मोकळा, उजवीकडे नट अर्ध्यावरच संपतोय, नट सैल होऊ न देणारं आतलं नायलॉनचं कडं आट्यांना शिवतसुद्धा नाही. ॲक्सल हँगरमध्ये सरकलाय. उंचावरून उतरताना सगळा भार एका बाजूच्या चाकांवर आला की असं होतं. नुसती एकूण रुंदी मोजली असती तर २१५ भरली असती आणि मी खूश होऊन उठलो असतो.

६ नोव्हेंबर

ॲक्सल परत बसवला. लांब टोकावर एक जुना नट चढवला, दांडीच्या टोकाशी अगदी सपाट येईल इतपत, म्हणजे घाव नटावर बसेल आणि आटे चेचणार नाहीत. हँगर उभा करून त्याचा खांदा लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवला, ठोकळ्याला ॲक्सलसाठी भोक. मग हातोडी. पहिल्या घावाला काही नाही. दुसऱ्याला काही नाही. तिसरा जरा रागाने बसला आणि दांडी 'टक्' करून हलली. मोजलं: ३४ आणि ३३. चौथ्या घावाचा मोह आवरला.

पण एकदा सरकलेला ॲक्सल पुन्हा सरकणार हे गृहीत धरायचं. म्हणजे 'क' फक्त तपासणीपुरती. मुक्ताच्या पायाखाली कायमची द्यायची नाही, बाकी काहीही निष्कर्ष निघो.

८ नोव्हेंबर

डेकची पाळी. वर 'सव्वाआठ' असं छापलंय आणि मध्यभागी मोजलं तर २०९.५ भरतं, खरंच सव्वाआठ. पण ट्रक काही मध्यभागी लागत नाही. डेकची रुंदी सांगतात ती सगळ्यांत रुंद जागेची. ट्रकच्या जागी किती, ते कुणी छापत नाही.

म्हणून ट्रक हाताने नुसता धरून ॲक्सलची रेघ डेकच्या पोटावर पेन्सिलीने ओढली आणि त्या रेघेवर मोजलं. पुढे २०८, मागेही २०८ला जरा कमी. म्हणजे या डेकला फारसा फरक नाही, दीड मिमी गेला इतकंच. पॉप्सिकल, म्हणजे आइस्क्रीमच्या काडीसारख्या, आकाराच्या डेकवर साधारण असंच असायचं. तरी इथून पुढे मी २०९.५ विसरून २०८ च धरणार आहे.

(माझ्या आकार दिलेल्या नऊच्या डेकवर हेच करून बघायला हवं. आज नाही.)

९ नोव्हेंबर

आज कागदावर जे निघालं त्यामुळे सगळं कामच थोडं फिरलं.

बोर्डवर उभं राहिल्यावर पायाला ॲक्सलचं टोक जाणवत नाही. जाणवते ती चाकाची बाहेरची कड: ती डेकच्या कडेखाली कुठे येते, आत, बरोबर, की बाहेर. आणि चाकाची कड कुठे येणार हे ॲक्सलवर नाही, हँगर आणि चाक यांच्यावर ठरतं. हिशेब सोपा आहे. हँगरच्या खांद्यावर आधी एक वॉशर, साधारण १ मिमी. मग बेअरिंग ७, मध्ये स्पेसर १०, पुन्हा बेअरिंग ७. झाले २४. आमची चाकं ३२ मिमी रुंद आणि बेअरिंग बरोबर मध्यावर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेर दोन्हीकडे ४-४ मिमी चाक उरतं. तेव्हा हँगरच्या खांद्यापासून चाकाची बाहेरची कड १ + २४ + ४, म्हणजे २९ मिमीवर.

'अ': १२९ + ५८ = १८७. डेक २०८. बाजूला साडेदहा मिमी आत!
'ब': १३९ + ५८ = १९७. बाजूला साडेपाच आत.
'क': १४८ + ५८ = २०६. बाजूला फक्त एक आत.

म्हणजे आठ आणि साडेआठ हे सव्वाआठपासून दोन बाजूंना सारख्याच अंतरावर आहेत असं जे वाटत होतं ते चाकांच्या दृष्टीने साफ खोटं. साडेआठचा ट्रक 'बाहेर' नाहीच, त्याची चाकं अजून डेकच्या आतच आहेत.

आणि चाक बदललं की सगळं बदलतं. ३६ मिमी रुंदीची चाकं घेतली तर २९ चे ३१ होतात. 'ब' मग २०१ वर जातो, बाजूला साडेतीन आत. 'क' २१० वर, बाजूला एक बाहेर. माझ्या मते लोक ट्रक बदलायला धावतात तेव्हा निम्म्या वेळा चाक बदलून काम भागलं असतं. निदान आमच्याकडे तरी ३६ ची चाकं पडून आहेत.

मुक्ताने सुचवलं: आत एकेक जादा वॉशर टाकून 'ब' रुंद करू. करून बघितलं. 'ब'च्या ॲक्सलला बाजूला ३२ मिमी जागा, त्यात वॉशर, बेअरिंग, स्पेसर, बाहेरचा वॉशर मिळून २६, उरले ६, नटाच्या जाडीपुरते. जादा वॉशर टाकला की नटाच्या तोंडाशी आटा दिसत नाही, नायलॉनला धरायला काही उरत नाही. चालत्या बोर्डवरून चाक निघून जाताना मी एकदा बघितलंय. वॉशर काढले.

१२ नोव्हेंबर

'अ' लावले, ३२ ची चाकं. मुद्दाम सगळ्यांत चुकीच्या जोडीपासून सुरुवात, म्हणजे चूक कशी लागते ते कळेल.

उभ्या बोर्डवर मुक्ताने टाच डेकच्या कडेवर ठेवली आणि समोरच्या बाजूची दोन्ही चाकं उचलली गेली. बोर्ड उताणा व्हायच्या आत ती उतरली. कड चाकाच्या बाहेर सेंटिमीटरभर लोंबतेय, त्यावर पाय म्हणजे पाटाच्या टोकावर पाय.

चालवताना मात्र तिला सुरुवातीला आवडले! "मामा, हा केवढा वळतो!" इथे आमचा वाद झाला. माझं म्हणणं, त्याच डेकवर, तेवढ्याच कलण्यावर वळणाची त्रिज्या सारखीच राहणार. ती ठरते व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ट्रकमधलं अंतर) आणि ट्रक किती अंशांत फिरला यावर. आमचा व्हीलबेस सव्वाचौदा इंच, ३६२ मिमी. दोन्ही ट्रक पाच-पाच अंश फिरले तर त्रिज्या येते साधारण दोन मीटर सात सेंटिमीटर, आणि त्या गणितात हँगरची रुंदी कुठे येतच नाही. तिचं म्हणणं, गणित तुझं तुझ्यापाशी ठेव, पायाला वळतो असं वाटतं. मला वाटतं दोघंही बरोबर आहोत. चाकं मध्याच्या जवळ आल्यामुळे तोल जायला थोडंसं निमित्त पुरतं, आणि तो तोल जाण्याचा धाक म्हणजेच 'चपळ' वाटणं.

चाकं ओली करून जमिनीवर उमटलेले माग मोजून निकाल लावायचा प्रयत्न केला. फसला. ती दोनदा सारखं कलली तर ना.

अजून एक उलगडा झाला. तिच्या जुन्या बोर्डची बुशिंग (ट्रकला कलू देणारी लवचिक कडी) आम्ही फेकली होती, ती कडेने फुगून चिरलेली. बोर्ड डगमगतो म्हणून तिने किंगपिनचा (बुशिंगमधून जाणारा बोल्ट) नट आवळत नेला होता, दर आठवड्याला थोडा थोडा. डगमग बुशिंगमुळे नव्हतीच, अरुंद ट्रकमुळे होती. नट आवळून वळणं गेलं, डगमग तशीच राहिली आणि बुशिंगचा बळी गेला.

१४ नोव्हेंबर

खडूचा प्रयोग. हा मला सगळ्यांत आवडलेला दिवस.

प्रश्न व्हील बाइटचा: पूर्ण कललं की चाक डेकला लागतं का, आणि कुठे. आमच्या ट्रकची उंची ५३ मिमी (बेसप्लेटच्या तळापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत), चाकं ५४ ची, म्हणजे त्रिज्या २७. चाकाच्या माथ्यावर २६ मिमी मोकळी जागा उरते. डेक कलला की ही जागा कमी होत जाते, आणि चाक मध्यापासून जितकं लांब तितकी भराभर. 'अ'ची बाहेरची कड मध्यापासून साडेत्र्याण्णव मिमीवर, 'क'ची १०३ वर. चौदा अंश कलल्यावर 'अ'पाशी डेक साडेबावीस मिमी खाली येतो, 'क'पाशी पंचवीसच्या जवळ. म्हणजे कागदावर रुंद ट्रक आधी चावायला हवा.

चाकांच्या माथ्यावर निळा खडू घासला. मुक्ताने बोर्डवर उभं राहून जमेल तितकं एका बाजूला झोकायचं, मी तिचे दोन्ही हात धरलेले. मग बोर्ड उलटा करून बघायचं. 'अ'वर डेकच्या पोटात, कडेपासून बोटभर आत, नखाएवढ्या दोन निळ्या चंद्रकोरी. रंग लाकडात दाबून बसलेला, बोटाने पुसला तरी जाईना. मग 'क' लावले, तीच चाकं, तोच किंगपिन तेवढाच आवळलेला. या वेळी कडेच्या अगदी लगत एक पुसट निळी ओरखड, फुंकर मारली तर उडेल अशी.

कागद चुकला नाही, मी डेक सपाट धरला हे चुकलं. डेकला कॉन्केव्ह असतो, कडा वर उचललेल्या. बरोबर कडेखाली आलेल्या चाकाला तो उचललेला भाग काही मिलिमीटर जादा देतो. अरुंद ट्रकचं चाक आत सपाटीखाली येतं आणि त्याला ती सवलत नाही. जेमतेम कॉन्केव्ह असलेल्या डेकवर निकाल उलटा लागला असता असं वाटतं.

डेकचं पोट निळं झालंय. मुक्ता म्हणते राहू दे.

१६ नोव्हेंबर

'ब', आधी ३२ ची चाकं. ठीक. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही. 'अ'नंतर जमीन पायाखाली आल्यासारखी वाटली, पण टाच कडेवर टाकली की अजून किंचित लवतो.

१९ नोव्हेंबर

'क', ३२ ची चाकं. डेक आणि चाक जवळपास एका रेषेत. गुण्या डेकच्या कडेला लावून खाली बघितलं तर पातं आणि चाक यांच्यात पोस्टकार्ड सरकेल एवढीच फट. उतरताना बोर्ड 'बसतो', चारही चाकांचा एकच आवाज येतो. मुक्ताला फार आवडलं. वीस मिनिटं.

मग आली लंगडत. "मामा, नट लागतो घोट्याला."

बरोबर आहे. चाकाची कड आत असली तरी ॲक्सलचं टोक २१५ वर आहे, डेक २०८, म्हणजे दोन्हीकडे साडेतीन मिमी लोखंड बाहेर. पाय मारताना, म्हणजे जमिनीला पायाने रेटा देताना, तिचा मागचा पाय बोर्डला खेटून जातो, आणि नेमका नट घोट्याच्या हाडावर. तेव्हा कड एक नाही, दोन बघायच्या. उभं राहणं आणि उतरणं यासाठी चाकाची कड, आणि पाय मारण्यासाठी नटाची कड. पाव इंचाचा तो नियम कुणी केला असेल त्याने बहुधा दुसरी कड पाहून केला. रुंद चाकं लावली की नट चाकाच्या आड लपतो, पण मग चाकच बाहेर येतं.

तिचा घोटा सुजला नाही, सालटं निघालं फक्त. तिने पाय मारायची पद्धत बदलावी असं मी म्हणून बघितलं. ज्या नजरेने तिने बघितलं त्यावरून तो विषय संपला.

२१ नोव्हेंबर

एका मित्राने त्याची १४४ ची जोडी चार दिवसांसाठी दिली. ॲक्सल बरोबर सव्वाआठ. कागदावर ही आमच्या डेकची सख्खी बहीण. ३४ ची चाकं त्यावर आलीच होती, म्हणजे चाकाची कड १४४ + ६० = २०४, बाजूला दोन आत. ॲक्सलचं टोक डेकच्या बाहेर पाऊण मिमी, न धरण्याइतकं.

तुलनेला 'ब', पण ३६ ची चाकं लावून. कड बाजूला साडेतीन आत, नट अडीच आत.

आज डोळे झाकून परीक्षा. म्हणजे डोळे नाही, ट्रक झाकले: हँगरवर कागदी चिकटपट्टी गुंडाळली आणि मी सांगेपर्यंत खाली वाकून बघायचं नाही. तिने एकेका जोडीवर तीन-तीन फेऱ्या मारल्या. मधल्या काळात ट्रक बदलायला मला पंधरा मिनिटं, ती कंटाळली.

पाय मारताना फरक सांगता आला नाही. वळताना नाही. ऑली उतरताना दर वेळी बरोबर ओळखलं, "हा मगाचचा." किकफ्लिपला (उडीत बोर्ड गरकन फिरवताना) 'ब' तिला हलका वाटला. चाकं जड लावूनही? दोन्ही वजनकाट्यावर ठेवायला हवेत, आज काटा हाताशी नव्हता.

२५ नोव्हेंबर

ठरलं. 'ब', ३६ ची चाकं. १४४ साभार परत.

मला १४४ आवडले होते, हे वहीत लिहून ठेवतो. पण ती तीनपैकी तीनदा 'ब'वर परत गेली, आणि बाजूला दीड मिमीच्या फरकासाठी चांगले ट्रक बदलावेत असं मलाही वाटत नाही. तिला अरुंद ट्रकची सवय आहे, पाय आतच चाक शोधतो. सवय हेही एक मापच.

किंगपिन आधी होता त्याहून दीड फेरा ढिला. बुशिंग ९०ए कडकपणाची, नवी. पिव्हट कपात (हँगरचं टोक टेकतं ती वाटी) चिमूटभर मेण, करकर बंद झाली. डेक-बोल्ट एक इंची, रायझर (डेक आणि ट्रक यांच्यामध्ये घालायची पट्टी) नाही.

३० नोव्हेंबर

आज दिवसाची सुरुवात मुक्ताने गुण्या घेऊन घरातल्या सगळ्या बोर्डांवर फिरण्याने केली. माझ्या नऊच्या डेकपाशी थांबली.

"मामा, तुझा मागचा सात मिमी बाहेर आहे."

असेल म्हटलं, नऊला नऊचाच ट्रक लावलाय. मग आठवलं, ८ तारखेला कंसात काय लिहिलं होतं ते. पेन्सिल घेतली. मध्यभागी २२९, छापल्याप्रमाणे नऊ. पुढच्या ॲक्सलच्या रेघेवर २२६. मागच्या रेघेवर २१५! हा डेक टेलकडे निमुळता होत जातो, दिसतंही नुसत्या डोळ्यांनी, आणि मी तो छापील आकड्यावर विश्वास ठेवून घेतला होता. ॲक्सल २२९. मागे दोन्हीकडे सात मिमी लोखंड बाहेर.

दोन वर्षं पाय मारताना माझी टाच मागच्या चाकाला लागतेय आणि दोन वर्षं मी ती माझ्या पायाची चूक समजतोय. मुक्ताला हे सांगितल्यावर तिने घोट्यावरची खपली दाखवली आणि काही बोलली नाही.

आता पर्याय. पुढे नऊ आणि मागे साडेआठ असे दोन वेगळे ट्रक लावता येतील. पण उंची आणि वळणं दोन्हीकडे सारखं राहील याची खात्री एकाच कंपनीच्या एकाच घडणीच्या ट्रकमध्येच, आणि चार ट्रक घेऊन दोन पडून ठेवायचे हे जिवावर येतं. दोन्हीकडे साडेआठ लावले तर मागे नेमकं, पण पुढे बाजूला पाच मिमी आत. पावणेनऊ म्हणजे २२२: पुढे बाजूला दोन आत, मागे साडेतीन बाहेर. साडेतीन बाहेर म्हणजे 'क'वर मुक्ताच्या घोट्याला लागलं तेवढंच, पण माझी चाकं ६० मिमी व्यासाची, रुंद आणि कडेला गोलावलेली, नट त्यांच्या आत जातो.

७ डिसेंबर

पावणेनऊची जोडी मिळाली. लावताना एक इंची बोल्ट कमी पडले, कारण ६० च्या चाकांसाठी मी इंचाच्या आठव्या भागाएवढा रायझर घालतो आणि ते मी विसरलो होतो. सव्वा इंची काढले. आता नटाबाहेर दोन आटे दिसतात.

फेरी मारली. पहिल्या दहा ढकलण्यांत टाच एकदाही लागली नाही. अकराव्याला लागली, पण ती मी मुद्दाम लावून बघितली.

१४ डिसेंबर

मुक्ताने खोक्यातल्या प्रत्येक जोडीवर कागदी पट्टी चिकटवलीय. तीन आकडे: हँगर, ॲक्सल, आणि ३२ च्या चाकाची बाहेरची कड. 'क'वर खाली लाल पेनाने 'सरकतो'. चौथ्या, भोकं न जुळणाऱ्या जोडीवर नुसतं '६३.५' आणि एक रडका चेहरा.

'ब'ची तपासणी: चारही नट घट्ट, मागच्या उजव्या चाकाला बारीक खडखड. नट पाव फेरा आत घेतला, खडखड गेली, चाक मोकळं फिरतंय. खडूच्या निळ्या चंद्रकोरी अजून तशाच आहेत. तिसरी उमटलेली नाही.